आजीबाईचा बटवा आणि सरकारी पिशवी

आपल्याकडे ‘आजीबाईचा बटवा’ म्हटले, की वेखंड, हळकुंड, बाळहिरडा अशा जिनसांनी भरलेली एक लहानशी पिशवी डोळ्यांपुढे येते. तसाच बटवा अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया अशा कापूस पिकविणाऱ्या मुलुखांतील कृष्णवर्णीय सुइणींपाशी पिढ्यान् पिढ्या होता, आणि त्यांनाही तिकडे ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, असेच म्हणत. गुलामगिरीच्या काळी मळ्यावर धनिणीचे मूल जन्माला यावयाचे असो की शेतात राबणाऱ्या गुलाम स्त्रीचे, नाळ कापावयास हात बहुधा याच आजीचा असे. गुलाम स्त्रीच्या पोटचे मूल कायद्याने धन्याची मालमत्ता ठरत असल्यामुळे त्याच्या जन्माची नोंद जमाखर्चाच्या वहीत अगत्याने होई. तिच्या वेदनांना मात्र कोणत्याच वहीत रकाना नव्हता.

त्या वेदनांचे काय होत असे, याची साक्ष अलाबामातील माँटगमरी शहरात मिळते. तेथे 1845 ते 1849 या काळात जे. मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने, प्रदीर्घ प्रसूतीत मूत्राशयाला पडणारे छिद्र शिवण्याची क्रिया गुलाम स्त्रियांवर पुनःपुन्हा करून पाहिली. इथरची भूल 1846 मध्ये प्रसिद्धीस आली असतानाही या शस्त्रक्रिया त्याने भूल न देता केल्या. अनार्का, लूसी आणि बेट्सी ही त्यांतील तीन नावे आज ज्ञात आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीने संमती देण्याचा अधिकार धन्याचा होता. सिम्सला पुढे आधुनिक स्त्रीरोगचिकित्सेचा जनक म्हणून कीर्ती लाभली, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा 2018 च्या एप्रिलमध्ये हलविण्यात आला, तोवर त्या तिघींची नावे वैद्यकाच्या अभ्यासकांबाहेर फारशी कोणाला ठाऊकही नव्हती.

गुलामगिरी गेली, सुईण राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसूतीचे शास्त्र पुरुष डॉक्टरांच्या हाती येऊ लागले, आणि शिकागोचे प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी 1915 मध्ये सुईण ही रानटी युगाची अवशेष आहे, असा निर्णय दिला. दक्षिणेत माता आणि अर्भके फार मरत होती, हे खरे. परंतु ज्या डॉक्टरने पैसे हातात पडल्यावाचून कृष्णवर्णीयांच्या झोपडीकडे पाऊल टाकू नये, आणि ज्या इस्पितळाने त्यांच्या बाळंतिणीला एक तर दारातूनच परतवावे नाही तर वेगळ्या, कोंदट खोलीत ठेवावे, त्यांच्याकडे बोट न दाखविता मैलोगणती चिखल तुडवीत, कधी कोंबडीच्या तर कधी नुसत्या आशीर्वादाच्या मोबदल्यात रात्र जागविणाऱ्या त्या म्हातारीलाच दोषी धरण्यात आले. हा मामला मला साऱ्या इतिहासात सर्वांत अन्यायाचा वाटतो.

1921 च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता आणि अर्भके यांच्या हितासाठी संघराज्याच्या खजिन्यातून राज्यांना पैसा मिळू लागला, आणि सुइणींची नोंद, शिक्षण आणि परवाना यांची व्यवस्था गावोगाव उभी राहिली. हा कायदा 1929 मध्ये संपुष्टात आला, तरी ती व्यवस्था टिकली. तिचे चिन्ह म्हणजे सरकारी पिशवी. तिला आतून पांढरे, धुता येईल असे अस्तर. तीत कात्री, नाळ बांधावयाच्या दोऱ्या, नवजात बालकाच्या डोळ्यांत घालावयाचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, स्वच्छ एप्रन, टोपी आणि जन्मदाखल्याचे कोरे कागद. महिन्याच्या सभेत परिचारिका ही पिशवी उघडून तपासीत असे, आणि आजीच्या बटव्यातली मुळी किंवा साल तीत सापडली तर परवान्यावर गदा येई. या शिस्तीतून हित झालेच नाही, असे म्हणणे सत्यापलाप होईल, कारण निर्मळ हात आणि उकळलेली कात्री यांनी पुष्कळ जीव वाचविले. तरीही काही सुइणी दोन पिशव्या बाळगीत, एक तपासणीसाठी आणि दुसरी बाळंतिणीसाठी. ज्या ज्ञानाला सरकारदप्तरी जागा नव्हती, ते त्या दुसऱ्या पिशवीत वस्तीला गेले.

या स्त्रियांचे कर्तृत्व डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर जॉर्जिया राज्याच्या आरोग्यखात्यासाठी जॉर्ज स्टोनी यांनी सुइणींच्या शिक्षणार्थ तयार केलेला, 1953 चा ‘ऑल माय बेबीज’ हा बोलपट पाहावा. त्यातील मेरी कोली ही ऑल्बनी गावची खरीखुरी सुईण, आणि त्यात दिसणारी प्रसूतीही खरी. त्याआधी, 1951 च्या डिसेंबरात, ‘लाइफ’ साप्ताहिकाने साउथ कॅरोलायनातील मॉड कॅलन या परिचारिका-सुइणीवर यूजीन स्मिथ यांची छायाचित्रमाला छापली होती. सुमारे 400 चौरस मैलांचा दरिद्री टापू ही एकटी बाई सांभाळते, हे पाहून वाचकांनी 20,000 डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली आणि तिचे चिकित्सालय उभे राहिले. वाचकांचे औदार्य वंदनीय खरेच, पण जे सरकारने करावयाचे ते एका साप्ताहिकाच्या वाचकांना करावे लागले, ही गोष्टही त्या छायाचित्रांइतकीच बोलकी आहे.

येथे एका दुव्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपले पहिले मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून, पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयातून 1867 मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर झाली होती. गरिबांच्या बिऱ्हाडी जाऊन आया आणि मुले यांची काळजी घेणाऱ्या या बाईने, आपल्या समाजातील मृत्यूंचे खापर त्यांच्याच अज्ञानावर फोडणाऱ्या मताचा जाहीर प्रतिवाद केला होता. तिचे बोलणे दक्षिणेतल्या अधिकाऱ्यांनी वेळीच ऐकले असते, तर!

कारण पुढे प्रत्यक्षात घडले ते तिचेच म्हणणे सिद्ध करणारे. 1946 च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळे बांधण्यास सरकारी पैसा देताना ‘वेगळे पण समान’ या सबबीवर भेदभावाला मुभा ठेवली होती. ग्रीन्सबरोच्या सिमकिन्स खटल्यात 1963 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. 1964 चा नागरी हक्कांचा कायदा आणि 1 जुलै 1966 पासून सुरू झालेली मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, या दोहोंमुळे भेदभाव करणाऱ्या इस्पितळाचे सरकारी पैसे बंद होणार, हे स्पष्ट झाले, आणि जे दरवाजे विनवण्यांनी उघडले नव्हते ते थोड्या महिन्यांत उघडले. मिसिसिपीत अतिसार आणि न्यूमोनिया यांनी दगावणाऱ्या कृष्णवर्णीय अर्भकांची संख्या त्यानंतरच्या काही वर्षांत झपाट्याने उतरली. ज्ञान तेच, आया त्याच. बदलला होता तो दरवाजा.

परंतु दरवाजा उघडला म्हणून आत आदर मिळालाच, असे झाले नाही. 2021 साली अमेरिकेत दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू 69.9 होते आणि श्वेतवर्णीय मातांचे 26.6, 2022 साली एक वर्षाच्या आत दगावणारी अर्भके हजारी अनुक्रमे 10.9 आणि 4.5.

हे आकडे वाचताना मला अलाबामातील मोबील शहरची सुईण ओनी ली लोगन आठवते. तिची आई सुईण, आजीही सुईण. दिवसा गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबून हिने शेकडो मुले जगात आणली. अलाबामाने 1976 मध्ये पारंपरिक सुइणींचा व्यवसायच बेकायदा ठरविला, तरी जुने परवाने असलेल्या काही जणी काम करीत राहिल्या, आणि ही त्यांतली एक. 1984 मध्ये आरोग्यखात्याचे एक पत्र तिच्या हाती पडले: परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. बटवा आधीच गेला होता. आता पिशवीही गेली. पाच वर्षांनी तिने तोंडी सांगितलेली आपली कैफियत ‘मदरविट’ या नावाने पुस्तकरूपाने आली.