पिलं घरी ठेवून गावाला जाताना

परसात कोंबडीची पिलं असलेला वऱ्हाडी माणूस दोन दिवसांसाठी बाहेरगावी निघाला, की शेजारणीला एवढंच सांगून जातो, "वयनी, दोन टाइम दाने टाकजा." खरं तर दाणा ही सगळ्यात उशिरा अडणारी गरज. काय बंद पडलं तर पिलू किती वेळात दगावतं, या हिशेबाने पाहिलं तर हिवाळ्यात आधी ऊब येते, उन्हाळ्यात पाणी आणि सावली. दाण्याचा नंबर त्यानंतर. निघायचं की नाही, हे या क्रमावरून ठरवावं.

उबेचं गणित वयावर आहे. पहिल्या आठवड्यात पिलाला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती उतरवता येते. अंगावर नुसती लव असते, पिसं भरायला तीन-चार आठवडे जातात, तोवर शरीराचं तापमान स्वतः धरून ठेवणं त्याला जड जातं. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेली पिलं असली तर हा भार तिच्यावर. मालकाने खुशाल दोन दिवस जावं, फक्त मांजर-मुंगुसाचा बंदोबस्त करावा. हैदराबादची वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराज या सुधारित जातींची एक दिवसाची पिलं विकत आणली, तर मात्र हे काम बल्बाला करावं लागतं.

आणि बल्बाचीच गोम आहे. पूर्वी दुकानात सहज मिळणारा ६० वॅटचा तारेचा बल्ब आता शोधावा लागतो. त्याच्या जागी कुणी एलईडी लावला तर पिलांचं खोकं उजळतं, तापत नाही. उजेड दिसतोय म्हणून शेजारीण निर्धास्त असते आणि पिलं मात्र गारठत असतात. चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते ती डिसेंबर-जानेवारीत, ऐन थंडीत. हंडीतलं मटण आणि रोडगे खाऊन माणूस तिथेच मुक्कामाला राहतो, इकडे रात्री तासभर लाइट जाते. पिलं एका कोपऱ्यात रचली जातात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घेणं हे दुसरा बल्ब टांगण्याइतकंच महत्त्वाचं.

उन्हाळ्यात, म्हणजे लग्नसराईत, सगळं उलटं होतं. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकून, तोंडावाटे पाण्याची वाफ सोडूनच ती थंड होते. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या घरात असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला, की बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गरम. मग वाफेशिवाय दुसरी वाटच उरत नाही, आणि वाफेला पाणी लागतं. अशा दुपारी टिनाखालचं भांडं कोरडं पडलं तर पिलांना संध्याकाळ दिसेल याचा भरवसा नाही. उलट्या बाटलीच्या भांड्याची आणखी एक खोड आहे: ऊन लागलं की आतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. बाटली रिकामी, खाली अंथरलेलं तूस ओलं. एका मोठ्या भांड्यापेक्षा सावलीत ठेवलेली दोन लहान भांडी बरी. उथळ असावीत आणि तळाशी खडे घालावेत, म्हणजे पिलू बुडत नाही. त्याच पिलाला पहाटे थोडी ऊब लागू शकते, हे मे महिन्यात कुणाच्या ध्यानात येत नाही.

ओल्या तुसाचा फटका उशिरा बसतो. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. मालक परततो तेव्हा पिलं ठणठणीत असतात. आठवड्याने विष्ठेत रक्त दिसतं, तेव्हा त्या सांडलेल्या पाण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. तूस कमी पडत असेल तर कोरडं कुटार पसरावं.

अंड्यातून निघालेलं पिलू पोटातल्या बलकावर दोन दिवस तग धरतं, म्हणून ते खोक्यातून बिनदाण्याचं दूरच्या गावी पोचतं. ही सवलत तेवढ्यापुरतीच. दहा दिवसांच्या पिलाला ती लावून "राहतील दोन दिवस उपाशी" म्हणणं हा निव्वळ आळस.

आता माणूस कोणता निवडावा? कोंबड्या पाळणारा अनुभवी शेजारी पहिल्यांदा आठवतो. माझ्या मते तो टाळावा. मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, विषाणू हाताला, चपलेला लागून येतो. ज्याच्या घरी एकही कोंबडी नाही, तो बरा. त्याला शिकवायचं फार थोडं: पिलं बल्बाखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोची उघडल्या तर गरमी, सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक. पहिले दहा-बारा दिवस मात्र दोन फेऱ्यांनी भागत नाही. खोकंच उचलून त्याच्या घरी ठेवावं.

मानमोडीची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या पिलांना देतात. ती थंड ठेवावी लागते, कालवल्यावर लगेच वापरावी लागते आणि प्रत्येक पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकावा लागतो. हे काम शेजाऱ्यावर टाकता येत नाही. तेव्हा लग्न त्या आठवड्यात आलं, तर घरातल्या एकाने मागे राहावं किंवा पिलंच पंधरा दिवस उशिरा आणावीत.