बँकेच्या ट्रान्झॅक्शनपासून सहकारी कामाच्या ट्रान्झॅक्शनपर्यंत

मारतहळ्ळीतल्या एखाद्या कार्यालयात दोन अभियंते एकाच यंत्राचा आराखडा तयार करत आहेत, अशी कल्पना करा. एकाचे काम आठवडाभर चालणार आहे. दुसऱ्याला त्यातला अर्धवट भाग आजच पाहायचा आहे. बँकेच्या हिशेबासाठी घडलेले ट्रान्झॅक्शन इथे अडते.

1983 साली हेर्डर आणि रॉयटर यांनी ट्रान्झॅक्शनचे चार गुणधर्म ‘ॲसिड’ या नावाने मांडले. त्यांतली विलगता सांगते, की काम पुरे होईपर्यंत ते इतरांना दिसू नये. क्षणभराचे लॉक बँकेत चालते, आठवडाभराचे आराखड्यावर चालत नाही. शिवाय शेवटच्या दिवशी बिघाड झाला, तर सगळे कष्ट वाया.

1987 साली गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी ‘सागा’ सुचवली. मोठ्या कामाचे लहान टप्पे करा आणि प्रत्येकाला भरपाईची कृती जोडा. हॉटेलात खोली मिळाली नाही, तर आधी काढलेले तिकीट रद्द होते.

1990 साली क्रिसांथिस आणि पुढे आयआयटी मुंबईत शिकवलेले कृती रामामृतम यांनी ‘ॲक्टा’ ही चौकट मांडली. कोणाचे काम कोणाला दिसेल, कोणाचे पूर्ण होणे कोणावर अवलंबून राहील, हे तिच्यामुळे काटेकोर सूत्रांत लिहिता आले.

म्हणजे नियम सैल झाले, शिस्त सुटली नाही. तुमच्या प्रकल्पातही आधी ठरवा: अर्धवट काम कोण पाहील, आणि ते रद्द झाले तर निस्तरणार कोण?