गायकाची थैली आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र

सुरत म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात, आणि बहुधा तेथेच त्याचे त्या शहराविषयीचे ज्ञान संपते. वस्तुतः तापीच्या काठी आज मराठी बोलणारी वस्ती थोडीथोडकी नाही. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे लोहमार्ग झाला तेव्हापासून खानदेशाचे सुरतेशी दळणवळण वाढले. पुढे कापडाचे माग वाढत गेले तसतशी धुळे, जळगाव, नंदुरबारकडील माणसे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत येऊन स्थिरावली, आणि जेथे मराठी माणूस स्थिरावतो तेथे टाळ-मृदंग येतोच. गोव्याकडील आमच्या परिचयाची दोन-चार घरेही नोकरीच्या निमित्ताने तेथे गेली आणि तेथलीच झाली.

गेल्या वर्षी या मंडळींत काही दिवस राहण्याचा योग आला असता आम्हांस एकच प्रश्न तीन निरनिराळ्या माणसांनी विचारला. मागावर काम करून रात्री भजनास बसणारा एक तरुण, शास्त्रीय गायन शिकणारी एक विद्यार्थिनी आणि एका देवळाच्या भजनी मंडळाचे चिटणीस. गाणे मुद्रित करून ठेवण्यासाठी, हातात नेता येईल असे कोणते यंत्र घ्यावे, हा तो प्रश्न. तिघांच्या थैल्या अर्थातच सारख्या नव्हत्या. आम्ही त्यांना जे उत्तर दिले त्याला थोडा इतिहास जोडावा लागला. तो या वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. पुढे मेणाची नळी आली तेव्हा त्या यंत्राची मोठी खुबी अशी होती की, ज्या घरी ते असे त्या घरी गाणे ऐकताही येई आणि भरताही येई. कर्ण्यापुढे बसून गावे, सुईने मेणावर रेघ ओढावी, आणि तेच परत ऐकावे. कलकत्त्यास हेमेंद्रमोहन बोस यांनी रवींद्रनाथांचा आवाज अशाच नळ्यांवर घेतला होता. परंतु बाजार जिंकला तो बर्लिनरच्या तबकडीने. तबकडीच्या हजारो प्रती छापता येत, ती ठेवावयास सुटसुटीत होती. मात्र ती घरी भरता येत नसे. १९०२ मध्ये गैसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले, आणि तेव्हापासून सुमारे अर्धशतक आपल्या देशात गाणे टिकवावयाचे की नाही हे कंपनीने ठरविले. श्रोता केवळ श्रोता झाला. गायकही पाहुणा झाला. कंपनी बोलावील तेव्हा जावयाचे आणि सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावयाचा.

या व्यवस्थेत किती हरवले याचा हिशेब कोणी मांडणार नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांच्या गळ्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर या आपल्या फोंडे महालातील केरीच्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या हे आपले भाग्य. त्यांतील भैरवीची एक चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्याच वर्षी, यान निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. चीज साडेतीन मिनिटांची आहे. ज्यांनी त्यांची मैफल तासन् तास ऐकली त्यांना ही साडेतीन मिनिटे म्हणजे गाभाऱ्याच्या दारातून क्षणभर झालेले दर्शन वाटे, आणि आम्हां मागून आलेल्यांना तेवढ्यावरच मूर्तीची कल्पना करावयाची आहे. पं. भातखंडे यांनी स्वरलेखन करून सहस्रावधी चिजा वाचविल्या, त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु स्वरलेखन चीज सांगते, गळा सांगत नाही.

घरी गाणे भरण्याचा अधिकार माणसाला परत मिळाला तो चुंबकीय फितीने. ही फीत जर्मनीत १९३५ च्या सुमारास पुढे आली व महायुद्धानंतर जगभर पसरली. आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकांत एखाद्या वकिलाच्या, डॉक्टरच्या अथवा व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात ग्रुंडिगसारखा स्पूलचा टेपरेकॉर्डर दिसू लागला. तो जड असे, महाग असे, आणि फीत त्याहून जपून वापरावी लागे. सात इंची स्पूलवर १२०० फूट फीत बसे. सेकंदास १९ सेंटीमीटर या वेगाने ती एका बाजूस ३२ मिनिटे चाले. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटे मिळत, पण आवाजातील बारीक तेज, विशेषतः टाळांचा व तानपुऱ्याच्या जवारीचा झणत्कार, तेवढ्या प्रमाणात मंद होई. काटकसरी यजमान अर्थातच निम्मा वेग लावीत. आज ज्या खासगी मैफलींच्या फिती ऐकावयास मिळतात त्यांतील पुष्कळांचा आवाज जो दबलेला लागतो तो गायकाचा दोष नव्हे. ती यजमानाची बचत आहे!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यंत्र यजमानाचे असल्यामुळे फीतही यजमानाची झाली. कित्येक गायकांच्या मुलांना वडिलांचा आवाज ऐकावयाचा असेल तर परक्याच्या कपाटाची किल्ली मागावी लागली. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि सत्तरीच्या अखेरीपासून ती आपल्या देशात घराघरांत शिरली तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली. कॅसेटची फीत स्पूलपेक्षा अरुंद, वेग सेकंदास पावणेपाच सेंटीमीटर, गुण कमी. पण ती गरिबाच्या खिशाला परवडली. भजनी मंडळांचे, कीर्तनकारांचे, गावोगावच्या सप्ताहांचे जे काही आज शिल्लक आहे ते बहुतांशी कॅसेटवर आहे.

आता सुरतेकडे वळू. रांदेरला आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. त्या घरातील वृद्ध गृहस्थ मूळचे फोंडे महालातले, गिरणीच्या कचेरीत कारकून. दर एकादशीस ते भजन करीत आणि आवाज असा की शेजारचे गुजराती कुटुंबही ओट्यावर येऊन बसे. शेजारी व्यापारी होते, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता. त्यांनी साठीच्या दशकात या गृहस्थांचे भजन पाच स्पूलांवर भरले आणि मनाच्या मोठेपणाने ते स्पूल त्यांनाच देऊन टाकले. पुढे वृद्ध वारले. मुलाने ते स्पूल लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मखमलीच्या वस्त्रात गुंडाळून, देवाच्या पोथ्यांशेजारी ठेविले.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. वर सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या उकाई धरणातून सेकंदास नऊ लाख घनफुटांवर पाणी सोडावे लागले. त्यात नारळी पौर्णिमा, समुद्राला उधाण, त्यामुळे नदीचे पाणी खाडीतून लवकर ओसरेना. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, रांदेर-अडाजणकडे तळमजले बुडाले. पाणी उतरले तेव्हा खालच्या कप्प्यातील पोथ्यांचा लगदा झाला होता आणि स्पूल चिखलाने भरले होते. घरच्यांनी ते स्वच्छ करून गच्चीवर उन्हात वाळत घातले. यांत त्यांचा दोष नाही. आपण ओले वस्त्र वाळवितो तसेच त्यांनी केले. परंतु भिजलेली फीत थंड, स्वच्छ पाण्याने हळुवार धुऊन सावलीत, वाऱ्यावर, उष्णता न लावता वाळवावी लागते. उन्हाने फितीवरील लेप सुटला, वेटोळी एकमेकांस चिकटली, आणि उलगडावयास गेल्यावर तपकिरी भुकटी हातास लागली. पाचही स्पूल गेले.

योगायोग असा की, त्याच २००६ साली जपानच्या झूम कंपनीचे एच-४ नावाचे, मुठीत मावणारे ध्वनिमुद्रक बाजारात आले. त्यात फीत नव्हती. आवाज अंकांत रूपांतरित होऊन नखाएवढ्या कार्डावर उतरे, आणि त्याची प्रत मूळाइतकीच निर्दोष निघे. फितीच्या प्रतीची प्रत काढताना दर वेळी आवाजाला जी घट लागे ती येथे लागत नाही. आमच्या मते गेल्या शंभर वर्षांतील हा सर्वांत मोठा फरक आहे, आणि यंत्र घेताना किमतीच्या आधी त्याचाच विचार करावयास हवा.

तेव्हा मागावरील तरुणास आम्ही सांगितले की, बाबा रे, तू काहीच विकत घेऊ नकोस. तुझ्या खिशातील फोन पुरेसा आहे. फार तर वायरीने जोडावयाचा एक साधा माईक घे. फोन हातात धरू नये, घडी केलेल्या धाबळीवर ठेवावा. जमिनीतून येणारी मागांची धडधड तेवढीच कमी होते. येणारे फोन बंद करावेत. गाणाऱ्यापासून दीड हात अंतर, आणि टाळकऱ्यांकडे पाठ. फोनमध्ये एक खोड असते, ती मात्र जाणून असावी. आवाज हळू झाला की तो आपणहून वाढवितो आणि मोठा झाला की दाबतो. त्यामुळे दोन ओळींमधील शांततेत पंख्याची घरघर उसळते आणि वरचा षड्ज लागला की तोच चेपला जातो. ही स्वयंचलित सोय बंद करता येईल असे ॲप मिळाल्यास तेच घ्यावे.

विद्यार्थिनीस आम्ही दोन माईक अंगातच असलेले छोटे ध्वनिमुद्रक सुचविले. झूमचे एच-१ (२०१०) आणि टॅस्कॅमचे डीआर-०५ (२०११) या जातीची जी यंत्रे निघाली त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही मिळतात. यांत आवाजाची पातळी हाताने ठरविता येते. गाताना सर्वांत उंच स्वर उणे बारा डेसिबेलच्या आसपास राहील अशी ती ठेवावी, म्हणजे तान जोरात आली तरी आवाज फाटत नाही. माईकवर फेसाचे टोपडे घालावे, कारण सुरतेच्या उकाड्यात पंखा बंद करा म्हणणे गायिकेस शिक्षा होईल. मुद्रण वेव्ह स्वरूपात करावे, एमपी-३ मध्ये नव्हे. रियाज करणाऱ्यास स्वतःचे गाणे ऐकणे म्हणजे गुरूने कान धरण्यासारखे असते. तेथे यंत्राने खोटे बोलता उपयोगी नाही. अलीकडे पातळी ठरविण्याची गरजच न ठेवणारी, ३२ बिटांच्या फ्लोट पद्धतीची यंत्रेही निघाली आहेत. थैलीत थोडे अधिक असेल तर ती घ्यावीत, परंतु त्यासाठी कर्ज काढू नये.

चिटणीसांची इच्छा मोठ्या यंत्राची होती. बाहेरचे चार-चार माईक जोडता येतील असे झूमचे एच-६ वगैरे त्यांनी पाहून ठेविले होते. मंडळाचे काम त्यावर उत्तम होईल यात शंका नाही. गायकास एक माईक, पखवाजास एक, आणि उरलेले घोषाच्या आवाजासाठी. पण त्यांच्या देवळाचा मंडप संगमरवरी, भिंती उघड्या, आणि टाळी वाजविली तर ती दोनदा ऐकू येते. अशा मंडपात महागडा माईक प्रतिध्वनीच अधिक स्पष्ट टिपील. आम्ही म्हटले, आधी जाजमे अंथरा, मागे जाड पडदे सोडा, आणि यंत्र मधल्या किमतीचे घ्या. उरलेल्या पैशांत दोन कार्डे आणि दोन हार्ड डिस्क घ्या. एक डिस्क सुरतेस, दुसरी दुसऱ्या गावी. चिटणीसांस हे फारसे रुचले नसावे. मोठे यंत्र वर्गणीदारांस दाखविता येते, डिस्क कोणास दाखविणार?

त्यांना आम्ही एक हिशेब मात्र करून दाखविला, तो त्यांना आवडला. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या उत्तम प्रतीच्या मुद्रणास तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. वास्कोच्या श्रीदामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते. ते सबंध, एकही अभंग न तोडता, पंचवीस गिगाबाइटांत, म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या ३२ गिगाबाइटांच्या एका कार्डावर मावेल. फक्त यंत्रास विजेची जोडणी अखंड हवी. स्पूलच्या काळी याच कामाला, पूर्ण वेगाने, पंचेचाळीस बाजू लागल्या असत्या आणि चव्वेचाळीस वेळा भजन मध्येच तुटले असते.

रांदेरच्या गृहस्थांची गोष्ट थोडी राहिली. त्यांच्या मुलाने १९८५ च्या सुमारास त्या पाच स्पूलांपैकी एकाची प्रत, म्हापशास राहणाऱ्या आपल्या आत्याच्या आग्रहावरून, एका नव्वद मिनिटांच्या साध्या कॅसेटवर काढून पाठविली होती. पुढे सर्वांना तिचा विसर पडला. पुरानंतर सात-आठ वर्षांनी आत्याचे घर आवरताना ती एका बिस्किटांच्या डब्यात सापडली. निम्म्या वेगाच्या स्पूलची ती प्रत. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपली तेथे अभंगाच्या तीन-चार ओळी गळाल्या आहेत आणि वरच्या स्वरांवर कायमची साय धरली आहे. नातवाने ती संगणकावर उतरवून घेतली आणि तिच्या प्रती सुरत, म्हापसा आणि पुणे येथे ठेविल्या.

आम्ही ती त्याच घरी बसून ऐकली. दुसऱ्या बाजूस, दोन अभंगांच्या मध्ये, पखवाज थांबतो, कोणी खोकते, आणि मग गात्या आवाजाहून अगदी निराळा, घरगुती आवाज घरच्या कोंकणीत म्हणतो, "मातशें उदक हाड गो." भांड्याचा आवाज येतो. नातवाने आम्हांस सांगितले की, हा तुकडा गाळून टाकावा असे एका जाणकाराने त्यास सुचविले होते. त्याने तो गाळलेला नाही.