कुलूप सीडीचे, पहारा आपल्या संगणकावर

१/ ३१ ऑक्टोबर २००५. विंडोज प्रणालीचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी आपल्या ब्लॉगवर एक नोंद प्रसिद्ध केली. स्वतःचा संगणक तपासताना त्यांना अशा काही फाइली सापडल्या होत्या, ज्या विंडोज त्यांना दाखवायलाच तयार नव्हते. माग काढत ते पोहोचले एका गाण्यांच्या सीडीपाशी. ती त्यांनी रीतसर पैसे मोजून घेतली होती.

२/ सीडी सोनी बीएमजी या कंपनीची होती. विकत घेतलेल्या सीडीने ग्राहकाच्या संगणकात असे लपून का बसावे? उत्तरासाठी पंचवीस वर्षे मागे, सीडीच्या जन्मापाशी जावे लागते. आजचा थ्रेड त्याविषयी.

३/ फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ‘रेड बुक’ हे सीडीचे मानक ठरवले. ऑक्टोबर १९८२ मध्ये सीडी जपानच्या बाजारात आली. दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. सारे काही उघडे. कुलूप कुठेच नाही.

४/ हा निष्काळजीपणा होता का? त्या काळाच्या नजरेने पाहिले, तर नाही. ७४ मिनिटांचे संगीत म्हणजे सुमारे ७८ कोटी बाइट. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्ड डिस्क अवघी १० मेगाबाइटची होती. एक सीडी उतरवून घ्यायला अशा ७० हून अधिक डिस्क लागल्या असत्या. सीडीचे आकारमान हेच तिचे कुलूप होते.

५/ ते कुलूप काळानेच उघडले. १९८८ मध्ये सीडी-आरचे मानक आले. रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेझरचा झोत पडला की तेथे कायमची खूण उमटे. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा ४०२०आय हा रायटर १,००० डॉलरच्या आत मिळू लागला आणि पुढच्या काही वर्षांत सीडी रायटर घरोघरच्या संगणकांत शिरला.

६/ कायदा काय करत होता? अमेरिकेने १९९२ मध्ये डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांना ‘प्रतीची प्रत’ रोखणारी व्यवस्था सक्तीची केली. मात्र सर्वसाधारण वापराचा संगणक त्या व्याख्येत बसत नव्हता. १९९९ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नेमक्या त्याच वर्षी नॅपस्टर अवतरले.

७/ संगीत कंपन्यांची भीती खोटी नव्हती. पण पेच अवघड होता. सीडीवरचे संगीत सांकेतिक करावे, तर जगभरचे जुने प्लेअर मुके होणार. म्हणून वेगळी वाट निघाली: प्लेअरला सीडी समजावी, संगणकाला मात्र समजू नये.

८/ साधा प्लेअर सीडीचा पहिला भागच वाचतो. संगणक शेवटचा भागही शोधतो. म्हणून बाहेरच्या कडेला सदोष माहितीचा जादा भाग ठेवून संगणकाला चकवले गेले. २००२ मध्ये लोकांच्या लक्षात आले, की ती कड मार्कर पेनाने काळी केली की चकवा संपतो! अशा सीडीवर आपले अधिकृत चिन्ह वापरण्यास फिलिप्सने आक्षेप घेतला होता. कारण ती ‘रेड बुक’ला धरून नव्हती.

९/ दुसरा उपाय होता सीडीतून आपोआप सुरू होणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमचा. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी अ‍ॅलेक्स हॅल्डरमन यांनी दाखवून दिले, की सीडी घालताना ‘शिफ्ट’ कळ दाबून धरली की हा पहारेकरी जागाच होत नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्या सनकॉम कंपनीने आधी दाव्याची धमकी दिली, मग ती मागे घेतली.

१०/ येथे कथेला वळण मिळते. कुलूप सीडीवर टिकत नाही. मग ते ग्राहकाच्या संगणकात बसवायचे आणि त्याला काढता येऊ नये म्हणून लपवायचे. सोनी बीएमजीच्या सीडींमधील एक्ससीपी हा प्रोग्रॅम हेच करी. पडद्यावर करारनामा येई, पण त्यात या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता. अशा तंत्राला ‘रूटकिट’ म्हणतात. एरवी ते हॅकर वापरतात.

११/ त्यात मोठा धोका होता. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी कोणतीही फाइल हा प्रोग्रॅम लपवी, मग ती कोणाचीही असो. पंधरवड्याच्या आत त्या आडोशाचा फायदा घेणारे घातक प्रोग्रॅम फिरू लागले. कंपनीने काढून टाकण्याचे साधन दिले, तर त्यानेही संगणकात नवे भगदाड पाडले. कुंपणानेच शेत खाल्ले.

१२/ आणखी एक विसंगती: नक्कल रोखणाऱ्या या प्रोग्रॅममध्येच ‘लेम’ या मुक्त प्रकल्पाचा कोड परवान्याच्या अटी न पाळता वापरलेला आढळला.

१३/ नोव्हेंबर २००५ मध्ये एक्ससीपी असलेले ५२ अल्बम परत मागवण्यात आले. टेक्सास राज्याने खटला भरला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत, ज्यांच्या संगणकाचे नुकसान झाले त्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले.

१४/ या प्रकरणात झळ कोणाला बसली? फुकट गाणी उतरवून घेणाऱ्याच्या संगणकात एक्ससीपी शिरलाच नाही; तो शिरला दुकानातून प्रामाणिकपणे सीडी घेणाऱ्याच्या. चोर सोडून संन्याशाला सुळी! वाद ‘गाणे कोणाचे’ येथून सुरू झाला होता. तो ‘संगणक कोणाचा’ येथे येऊन पोहोचला. पहिल्या प्रश्नावर कंपन्यांची बाजू भक्कम होती. दुसऱ्यावर त्यांना कोणतीच बाजू नव्हती.

१५/ २००९ पर्यंत आयट्यून्सवरील सर्व प्रमुख कंपन्यांची गाणी कुलपाविना विकली जाऊ लागली. त्या ५२ अल्बमच्या सीडी आजही कोणाच्या कपाटात असतील. साध्या प्लेअरमध्ये त्या पूर्वीसारख्याच वाजतील. त्यांच्या संगीतावर कुलूप कधी नव्हतेच. ते होते त्या विकत घेणाऱ्यांच्या संगणकावर.