मेघमार्ग आणि सायकलप्रवासी

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा विषय या त्रैमासिकाच्या पानांत आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रवासवृत्त हें इतिहासाचें साधन आहे असें एकदां मान्य केलें, म्हणजे प्रवासी पायीं गेला, पालखींतून गेला कीं सायकलीवरून गेला, हा भेद करण्याचें कारण उरत नाहीं. सायकलस्वार दिवसाकाठीं सत्तर-ऐंशी किलोमीटर कापतो आणि तरीहि रस्त्याचा प्रत्येक चढ त्यास अंगानें कळतो. स्थलनिर्णयाच्या वादांत अशी साक्ष उपयोगीं पडते, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आमच्याकडील सायकलवीरांनीं इष्टस्थान म्हणून पहिल्यानें निवडली ती अखिल पृथ्वी. १९२३ च्या आक्टोबरांत अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला व नरिमन कपाडिया हे सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमिया, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा त्यांचा क्रम होता. कपाडिया तेहरानहून परतले, हाथीराम अमेरिकेंत राहिले आणि पोचखानावाला यांनीं तेथूनच घरची वाट धरली. चौवेचाळीस हजार मैलांची प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत मुंबईस पोंचले ते उरलेले तिघे. त्यांचें प्रवासवर्णन १९३१ सालीं छापून निघालें, त्यास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. पुढें फ्रामरोझ दावर (१९२४-३१) यांनीं सहारा व अँडीज ओलांडिले, आणि १९३३ सालीं निघालेले केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे १९४२ सालीं परत आले. हे सर्व ग्रंथ इंग्रजींत आहेत. महाराष्ट्रांतून निघालेल्या या प्रवासांचें साधन मराठींत नसावें, ही गोष्ट आम्हांस खटकते.

आमच्या वाचकांच्या प्रकृतीस अधिक मानवेल तें मात्र याहून जुनें उदाहरण. फॅनी बुलक वर्कमन व विल्यम हंटर वर्कमन हें अमेरिकन दांपत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींवर हिंदुस्थानभर हिंडलें. १९०४ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे आणि त्यांतील मुख्य विषय प्राचीन देवालयें हा आहे. शिल्पें पाहण्यासाठीं सायकल, अशी ही योजना होती.

मग नागपुरास राहणाऱ्या, धंतोलींतून सकाळीं सायकल बाहेर काढणाऱ्या मनुष्यानें कोठें जावें? त्याच्या दारापासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे, आणि मेघदूतांतील यक्षानें मेघास सांगितलेला मार्ग रामगिरीपासून सुरू होतो. विदिशा, उज्जयिनी, दशपुर, कुरुक्षेत्र, कनखल आणि शेवटीं कैलास अशी ती यादी आहे. दूरच्या प्रवासाची इतकी सुसंगत योजना आमच्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. उज्जयिनी सरळ वाटेवर नाहीं, तरी वळसा घे पण ती चुकवूं नकोस, असें यक्ष बजावतो. हा सल्ला सायकलप्रवाशानें जरूर ध्यानांत ठेवावा.

आतां वादाकडे येऊं. रामगिरि म्हणजे चित्रकूट असें मल्लिनाथ म्हणतो. पण रेवा चित्रकूटाच्या दक्षिणेस आहे, तेव्हां उत्तरेस निघालेल्या मेघास ती भेटणार कशी? म. म. वा. वि. मिराशी यांनीं रामटेकचा पक्ष मांडिला. त्यास वाकाटकांच्या ताम्रपटांचा आधार आहे. प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. तिसरा पक्ष सरगुजांतील रामगडाचा. रामटेकवर आक्षेप येतो तो आम्रकूटावरून. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असें नामसादृश्यावरून धरिलें जातें, आणि मग रामटेकहून मेघ इतका पूर्वेस कां जाईल, असें विचारतात.

हा आक्षेप रामटेकवर नसून अमरकंटकावर आहे, असें आमचें मत आहे. काव्यांतला मेघ मालक्षेत्रावर (मल्लिनाथ त्याचा अर्थ डोंगराळ उंचवटा असा देतो, आमचा ‘माळ’ शब्द त्याच कुळांतला दिसतो) बरसून किंचित् पश्चिमेस सरतो व पुन्हा उत्तरेची वाट धरतो. ‘पश्चात्’ याचा अर्थ ‘नंतर’ असा घेतला तरी उत्तर दिशा कायम राहतेच. अमरकंटक रामटेकच्या पूर्वेस सुमारें अडीचशें किलोमीटर आणि उत्तरेस दीडशेंहून कमी आहे. यास उत्तर दिशा कोण म्हणेल? सिवनी, मंडला, दिंडोरीवरून तेथें जाण्यास चारशेंच्या आसपास किलोमीटर पडतात, आणि तेथून विदिशेस परत येण्यास पांचशेंहून अधिक. शिवाय काव्यांतली रेवा विंध्याच्या पायथ्याशीं खडकांतून फुटलेली आहे, तर अमरकंटकास नर्मदा नुकती उगवलेली, बारीक धार आहे. रामगडाहून अमरकंटक पश्चिमेस पडतें हें खरें, पण किंचित् दक्षिणेसच, म्हणून तोहि पक्ष टिकत नाहीं.

आतां दुसरी वाट पहा. रामटेकहून पश्चिमेस सावनेर, तेथून उत्तरेस सौंसर. येथपर्यंत मराठी कानीं पडते. पुढें सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभावर हें अंतर ८३ मैल कोरलेलें आहे. नंतर परासिया, तामिया, मटकुली आणि पचमढीचे डोंगर डावीकडे ठेवून पिपरियाचा उतार. पुढें नर्मदेचें खोरें, पलीकडे विंध्य, आणि भोपाळ-सांचीवरून विदिशा. प्रथम पश्चिम, मग उत्तर, मग शिखरें, मग विंध्यपादींची रेवा, असा काव्यांतला क्रम येथें जसाच्या तसा जुळतो. आम्रकूट तामिया-पचमढीच्या उंच भागांतच शोधावें. मेघास घाट चढावा लागत नाहीं हें आम्हीं जाणतों. येथें प्रमाण आहे तें दिशेचें व क्रमाचें, श्रमाचें नव्हे.

विदिशेजवळील उदयगिरि हाच काव्यांतला ‘नीचैः’ नांवाचा डोंगर होय, असें मानतात. तेथील गुप्तकालीन लेण्यांसाठीं एक मुक्काम अधिक करावा. उज्जयिनीहून दशपुर म्हणजे मंदसोर दोन दिवसांची वाट आहे. पुढें कुरुक्षेत्रापर्यंतचा पल्ला लांब आणि काव्यहि तेथें घाईंत आहे. हरिद्वारजवळील कनखल येथें सायकलीची मजल संपली असें समजण्यास हरकत नाहीं.

राहिला प्रस्थानाचा दिवस. आषाढाचा ‘प्रथम’ दिवस असा मल्लिनाथाचा पाठ, तर वल्लभदेवाचा पाठ ‘प्रशम’, म्हणजे महिन्याची अखेर. ज्यांच्या संग्रहीं मेघदूताच्या पोथ्या असतील त्यांनीं या जागचा पाठ पाहून कळवावा. सायकलप्रवाशानें मात्र दोन्ही पाठ सोडून, यक्षाचा शाप संपतो त्या कार्तिकी एकादशीनंतर निघावें. आषाढांत सिल्लेवानी घाट सायकलीचा नव्हे. रोजची दिनवही मराठींत ठेवावी, तींत निघण्याची वेळ, दिशा, नदीचा उतार व गांवकऱ्यांच्या तोंडचीं टेकड्यांचीं नांवें टिपावीं, आणि छापण्यापूर्वीं मूळ वही दुरुस्त करूं नये. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं चिं. वि. वैद्यांनीं फेरफार करून छापला. मूळ संहिता वाचकांस मिळण्यास १९६६ सालची द. वा. पोतदारांची आवृत्ति यावी लागली.