मोडलेला आस

दशरथाच्या रथाचा आस ऐन युद्धात मोडला आणि कैकेयीने त्या जागी आपला हात घालून रथ सावरला, ही कथा आपण कीर्तनातून अनेकदा ऐकलेली आहे. बुवांचे सारे लक्ष अर्थातच त्यानंतरच्या दोन वरांकडे असते. तो आस मुळात मोडला का, तो कोणी घडविला होता, आणि त्याच रथशाळेतून निघालेल्या इतर रथांचे आस नंतर कोणी तपासून पाहिले काय, असे प्रश्न कीर्तनात विचारण्याची पद्धत नाही. आज मला नेमक्या याच प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आमच्या खेडेगावातला गाडीवान आसाला ‘आख’ म्हणतो. लाकडी आख मोडावयाचा झाला की आधी करकरतो, आणि गाडीवान खाली उतरून पाहतो. लोखंडाला ही भूतदया नाही. ते मोडेपर्यंत गप्प राहते. ही गोष्ट माणसाला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

८ मे १८४२ चा तो रविवार. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या गौरवार्थ व्हर्सायच्या उद्यानात उत्सव होता आणि तेथील कारंजी पाहून पॅरिसचे नागरिक संध्याकाळच्या आगगाडीने घरी परतत होते. गर्दी मोठी म्हणून गाडीला दोन एंजिने जोडलेली. म्यूदोंजवळ पुढच्या एंजिनाचा आस तुटला. ते एंजिन कोसळले, मागचे त्याच्यावर आदळले, डबे एकावर एक चढले आणि एंजिनातील निखाऱ्यांनी त्या लाकडी डब्यांना आग लागली. प्रवाशांनी वाटेत उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याचा त्या काळी रिवाज होता. पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दक्षिण ध्रुवाकडील प्रदेश धुंडाळून आलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूरव्हील हा पत्नी व मुलासह होता. बर्फाच्या समुद्रातून सुखरूप परत आलेला हा मनुष्य राजधानीच्या वेशीवर एका लोखंडी दांड्यापायी गेला. दारांना कुलूप लावण्याची पद्धत फ्रान्समध्ये यानंतर बंद झाली. आसाचे कोडे मात्र तसेच राहिले.

कोडे असे की, तो आस त्यावर येणाऱ्या भाराच्या मानाने पुरेसा जाड होता. मग तो मोडला कसा? त्या काळचे बहुसंख्य जाणते सांगत की, हादऱ्यांमुळे लोखंडाची जात बदलते. तंतुमय लोखंड स्फटिकमय होते आणि खडीसाखरेसारखे तडकते. तुटलेला भाग चकाकत असल्याने ही समजूत डोळ्यांनाही पटे. विल्यम रँकिन हा तरुण एंजिनियर, वय जेमतेम बावीस, त्याला हे पटले नाही. १८४३ मध्ये त्याने तुटलेल्या आसांविषयी लंडनमध्ये निबंध सादर केला. जेथे आसाची जाडी एकदम बदलते, जेथे काटकोनी खांदा असतो, तेथे केसासारखी चीर पडते, ती फेऱ्याफेऱ्यागणिक आत सरकते आणि उरलेला गाभा पुरेनासा झाला की आस एका क्षणात मोडतो, असे त्याचे म्हणणे. उपायही त्याने साधाच सुचविला : खांद्याला धारदार कोपरा ठेवू नका, गोलाई द्या.

पुढचे काम प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर याने केले, आणि ते खऱ्या अर्थाने चिकाटीचे काम होते. आस फिरत असता त्याचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. अर्धा फेरा झाला की उलट. यंत्रावर आसाचे नमुने चढवून त्याने त्यांचे लक्षावधी फेरे मोजले. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. जो भार एकदा घातला असता लोखंड सहज पेलते, त्याच्या कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा उलटसुलट घातला तर ते मोडते. धातूला शीण येतो तो असा. माझ्या पिढीतील अनेकांनी रात्रीच्या एखाद्या जंक्शनवर, गाडी थांबली असता, कंदील आणि लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोके मारीत जाणारा रेल्वेचा माणूस पाहिला असेल. निजेत तो ठोका ऐकून आपण कुरकुरत असू. ठणठणीत नाद म्हणजे चाक शाबूत आणि बद्द आवाज म्हणजे तडा, एवढे त्याचे शास्त्र. आता ते काम श्रवणातीत ध्वनिलहरींची यंत्रे करतात.

विसाव्या शतकात लोखंड जोडण्याची रीत बदलली आणि जुने दुखणे नव्या जागी उद्भवले. रिव्हेट ठोकून जोडलेल्या दोन पत्र्यांत चीर पडली तर ती पत्र्याच्या कडेशी थांबते, कारण पुढे लोखंडच सलग नसते. वेल्डिंगने सारे सलग होते. चिरेलाही वाट मोकळी मिळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगच्या जोरावर २,७१० लिबर्टी जहाजे बांधली. त्याच काळातील ‘स्केनेक्टडी’ नावाचे तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभे असता, रात्री प्रचंड आवाज करून मधोमध दुभंगले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने पुढे दाखवून दिले की, या जहाजांचे पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. सगळा दोष वेल्डिंग करणाऱ्याच्या माथी मारणे बरोबर नव्हते. युद्ध चालू असता जहाजे माघारी बोलावणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांच्या अंगावर चीर अडविणाऱ्या रिव्हेटच्या पट्ट्या बसविल्या गेल्या. नव्या रीतीला जुन्या रीतीची ठिगळे लागली ती अशी.

वाईट सांध्याच्या काठाशी राहिलेली बारीक खाच, आत अडकलेली मळी, निवताना धातूत राहिलेला ताण, ही सारी रँकिनच्या धारदार खांद्याचीच भावंडे होत. आणि तो सांधा आगीच्या बंबाच्या आसाशी असेल तर गोष्ट अधिकच गंभीर. मालाची मोटार भरून जाते आणि रिकामी परत येते. बंबाला रिकामेपण ठाऊक नाही. त्याची पाण्याची टाकी भरलेली असावयाची, शिड्या, नळ्या, पंप वर चढलेले असावयाचे. तो दिवसचे दिवस भरल्या ओझ्याने उभा असतो, आणि घंटा झाली की थंड एंजिनानिशी भरधाव सुटतो. वळणावर टाकीतील पाणी डचमळते, ब्रेक कचकन लागतात. फेरे थोडे, पण प्रत्येक फेरा जबर. त्यामुळे दोष वर्षानुवर्षे लपून राहतो आणि उघडा पडतो तो नेमका घाईच्या वेळी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आगीचा धोका या माणसांनी जाणूनबुजून पत्करलेला असतो. पायाखालच्या गाडीचा धोका त्यांनी पत्करलेला नसतो.

येथे कारखानदाराचा संबंध येतो. विकलेल्या गाडीत आपल्याच हातून दोष राहिला आहे हे कळल्यावर तोंड उघडावे की गप्प बसावे, हा प्रश्न दीर्घकाळ त्याच्या मर्जीवर सोडलेला होता. राल्फ नेडर याच्या पुस्तकाने १९६५ मध्ये अमेरिकेत खळबळ उडविली आणि १९६६ मध्ये तेथे कायदा झाला : सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास मालकाला पत्राने कळविलेच पाहिजे. दुरुस्ती मात्र फुकट करून देण्याची सक्ती १९७४ ची. मधली आठ वर्षे ‘तुमची गाडी धोक्याची आहे’ हे कळविणे सक्तीचे होते, पण ती बिनखर्चात दुरुस्त करून देणे सक्तीचे नव्हते, हा कायद्याचा विनोद म्हणावयाचा! आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यापूर्वी कारखानदारांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वखुशीची आचारसंहिता तेवढी केली होती.

बंबाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. खालचा सांगाडा पुष्कळदा एका कारखान्याचा आणि वरची टाकी, पंप, शरीर दुसऱ्याचे. सांधा निखळला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. शिवाय खाजगी मोटार चार दिवस कारखान्यात राहिली तर मालक बसने जातो. गावात एकच बंब असेल तर त्या चार दिवसांत गावाने काय करावयाचे? म्हणून शहाणा अधिकारी आधी शेजारच्या नगरपालिकेकडे बंब मागतो आणि मगच आपला पाठवितो. असा शेजारी सर्वत्र मिळतोच असे नाही.

तपासणी पाहावयाला फार साधी असते. टाकी रिती करतात, गाडी उचलून टेकूवर ठेवतात, सांध्यावरचा लाल रंग खरवडून धातू उघडा करतात. त्यावर पातळ तांबडे द्रव्य माखून काही वेळ मुरू देतात, पुसून काढतात आणि पांढरी भुकटी फवारतात. सांधा धड असेल तर भुकटी पांढरीच राहते आणि त्याच संध्याकाळी टाकी पुन्हा भरली जाते. चीर असेल तर आत मुरलेले द्रव्य वर येते आणि पांढऱ्यावर केसाएवढी तांबडी रेघ हळूहळू उमटत जाते.