बाई, लढाई होईल का हो?

फेब्रुवारी 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची मुलगी युक्रेनमध्ये, खारकिव्हला डॉक्टरकी शिकत होती. तिसरं वर्ष. "बाई, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात. तिथे खरंच लढाई होईल का हो? पोरीला बोलावून घेऊ का?"

आता काय सांगू मंडळी, निवृत्त शिक्षिकेला असं कोणी विचारलं की तिच्या अंगात पुन्हा वर्ग संचारतो. मी त्याला चांगलं दहा मिनिटं समजावलं. पुतिन हा हिशेबी माणूस आहे. सीमेवर लाखभर सैन्य आणलंय ते दबाव टाकायला. त्याला नाटोकडून लेखी हमी हवी आहे, ती पदरात पडली की सैन्य मागे जाईल. युरोपला गॅस विकून ज्याचं घर चालतं तो स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेईल? शिवाय समोर तीस देशांची नाटो आहे. "तिचा अभ्यास बुडवू नकोस," असंही वर सांगितलं.

24 फेब्रुवारीला पहाटे खारकिव्हवर बॉम्ब पडायला लागले.

पुढचे सहा-सात दिवस ती मुलगी एका इमारतीच्या तळघरात होती. 2 मार्चला आपल्या दूतावासाने सांगितलं की मिळेल त्या वाटेने, पायी सुद्धा, खारकिव्ह सोडा आणि संध्याकाळच्या आत पिसोचिन किंवा जवळच्या दोन गावांपैकी एक गाठा. ती आणि तिच्या मैत्रिणी थंडीत चालत पिसोचिनला गेल्या, तिथून पश्चिमेकडे, मग पोलंड, आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने घरी. तिच्यासारखी वीस हजारांवर आपली माणसं त्या महिन्यात परत आली. मुलगी सुखरूप आल्यावर तिचा बाप पेढे घेऊन माझ्याकडे आला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी स्वतःशी आणि माझ्या धाकट्या दिरांशी एकाच प्रश्नावर भांडते आहे. पुतिन का घुसला? आणि नाटो का थांबली? माझ्या सल्ल्यात या दोन्ही गोष्टी चुकल्या होत्या.

आमचे दीर रेल्वेतून निवृत्त झालेले, युनियनमध्ये हयात गेलेली. त्यांचं म्हणणं ठाम. "वहिनी, रशियाला कोपऱ्यात कोणी ढकललं? 1990 साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर यांनी गोर्बाचेव्हना सांगितलं होतं की नाटो इंचभरही पूर्वेला सरकणार नाही. मग 1999 ला पोलंड, हंगेरी, चेक आत घेतले. 2004 ला आणखी सात. 2008 ला बुखारेस्टला जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जियाही कधीतरी सदस्य होणार. जॉर्ज केनन काही कम्युनिस्ट नव्हता, रशियाला रोखून धरायचं धोरण त्यानेच मांडलं होतं. त्याने 1997 मध्येच सांगितलं होतं की ही घोडचूक ठरेल. आणि क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं आली तेव्हा 1962 मध्ये अमेरिकेने काय केलं? जग अणुयुद्धाच्या तोंडाशी नेलंच की!"

यातलं काहीही खोटं नाही. बेकर बोलले होते, पण ते कोणत्या करारात लिहिलं गेलं नाही, एवढाच फरक. आणि दाराशी आलेला परका पहारा कुठल्याच मोठ्या सत्तेला सोसत नाही, हे क्यूबाचं उदाहरण मला आजही मान्य करावं लागतं.

पण मी तीस वर्षं मुलांना 'कारणे लिहा' शिकवली. 1857 च्या उठावाची कारणं लिहिताना मुलं पहिल्या ओळीत काडतुसं लिहायची आणि मी लाल शाईने लिहायची, 'हे निमित्त. कारण कुठे आहे?' कारण आणि निमित्त वेगळं करायची एक साधी युक्ती मी वर्गात सांगायची. निमित्त मनातल्या मनात पुसून टाका आणि पाहा, घटना तरीही घडली असती का?

ही युक्ती मी आधी 1968 ला लावून पाहिली. का, ते सांगते. त्या वर्षी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरी एक गुळगुळीत कागदाचं सोव्हिएत नियतकालिक यायचं, वह्यांना कव्हरं घालायला फार छान. माझ्या वडिलांना सोव्हिएत देशाबद्दल मनापासून आदर होता. ऑगस्टमध्ये बातमी आली की 20 तारखेच्या रात्री रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, बरोबर पोलंड, हंगेरी आणि बल्गेरियाच्या फौजा. वडील पेपर घेऊन बराच वेळ नुसते बसून राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मित्राच्याच घरात?"

खरंच मित्राचंच घर होतं ते. चेकोस्लोव्हाकिया वॉर्सा करारातला देश. दुबचेक परोपरीने सांगत होते की आम्ही करार सोडणार नाही, आम्ही कम्युनिस्टच आहोत. नाटोत जायचा विषयसुद्धा नव्हता. मग ब्रेझनेव्हला भीती कसली होती? प्रागमध्ये त्या वर्षी वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली होती. लोक मोकळं बोलायला लागले होते. हे वारं शेजारी शिरेल म्हणून सगळ्यांत जास्त घाबरला होता तो युक्रेनच्या पक्षाचा प्रमुख शेलेस्त. बाहेर सांगितलं काय, तर चेक आणि स्लोव्हाक नेत्यांनीच मदतीला बोलावलं. मूठभर नेत्यांनी तसं पत्र दिलं होतंही, शेलेस्तच्याच मार्फत. पण ते इतकं गुप्त ठेवलं की 1992 मध्ये येल्तसिननी ते हावेलना दिलं तेव्हा कुठे उजेडात आलं.

म्हणजे नाटो पूर्ण पुसून टाकली तरी 1968 घडलंच. शेजाऱ्याने आपल्यासारखं नसणं हेच तिथे कारण होतं.

आता तीच युक्ती युक्रेनला. 2010 मध्ये युक्रेनने कायदा करून अलिप्तता स्वीकारली होती. नाटोचा दरवाजा त्यांनीच लावून घेतला. 2014 मध्ये रशियाने क्रायमिया घेतला तेव्हा तो कायदा लागू होता. तो रद्द झाला नंतर, त्या वर्षीच्या डिसेंबरात. दुसरी बाजू पाहा. 2022 च्या युद्धाने घाबरून फिनलंडने अर्ज केला आणि 4 एप्रिल 2023 ला तो नाटोत गेला. रशियाला लागून तेराशे किलोमीटरची सीमा! नाटो दाराशी येणं हेच युद्धाचं कारण असतं तर तिथे आकाश कोसळायला हवं होतं. पुतिनने मे 2022 मध्येच सांगून टाकलं की फिनलंड आणि स्वीडन नाटोत गेल्याने रशियाला थेट धोका नाही, तिथे लष्करी साधनं आणलीत तर मात्र उत्तर देऊ.

हे मी दिरांना सांगितलं तेव्हा ते उसळून म्हणाले, "वहिनी, फिनलंड आणि कीव्ह एक आहे का? कीव्ह म्हणजे रशियाचं मूळ!"

"अहो, मग मी तेच तर म्हणते आहे," मी म्हटलं. त्या दिवशी ते चहा न घेताच गेले. (दुसऱ्या दिवशी आले, काळजी नसावी.)

युक्रेन हा वेगळा देश आहे हेच पुतिनला मान्य नव्हतं. आणि हे त्याने लपवलंही नव्हतं. जुलै 2021 मध्ये त्याने स्वतःच्या नावाने एक लांबलचक लेख लिहिला होता, रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत असं सांगणारा. हल्ल्याच्या तीन दिवस आधीच्या भाषणात तो म्हणाला की आजचा युक्रेन बोल्शेविकांनी, लेनिनने निर्माण केला. जून 2022 मध्ये त्याने स्वतःची तुलना पीटर द ग्रेटशी केली. पीटरने स्वीडनकडून प्रदेश घेतला नव्हता, परत मिळवला होता, आणि परत मिळवण्याचं काम आता आपल्या वाट्याला आलं आहे, असा त्याचा सूर होता.

वर्गात मी घसा कोरडा करून सांगायची की आधी मूळ साधनं वाचा, मग इतरांची मतं. आणि फोन आला तेव्हा मी स्वतः काय केलं? जुलैमधला तो लेख वाचलाच नव्हता. पुतिनच्या जागी मी स्वतःला बसवलं, माझा नफातोटा मांडला आणि उत्तर काढलं. नेत्याचा हिशेब आपल्याच चलनात असतो असं धरून चालले. पीटरशी हिशेब मांडणाऱ्याला गॅसच्या बिलाचं काय!

म्हणून नाटोचा विस्तार बिनमहत्त्वाचा होता का? तसं नाही. त्याने रशियात खरी सल निर्माण केली आणि पुतिनला घरच्या लोकांपुढे मांडायला बाजू मिळाली. पण ही साखळी दुसऱ्या टोकानेही पाहायला हवी. 1999 मध्ये चेक आणि हंगेरी नाटोत का गेले? एकाला 1968 आठवत होतं, दुसऱ्याला 1956. पूर्वेकडे नाटो सरकली की पूर्वेकडचे देश नाटोकडे धावले, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी लिहावं लागेल. दहा गुणांचा प्रश्न आहे तो.

आता माझी दुसरी चूक. मला वाटलं, नाटो पाठीशी आहे. पण कोणाच्या पाठीशी? 1949 च्या नाटो कराराचं पाचवं कलम सांगतं की एका सदस्यावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. सदस्यावरचा! 1956 ला बुडापेस्टमध्ये माणसं मेली, नाटो हलली नाही. 1968 ला प्राग दबलं, नाटो हलली नाही. रेषेच्या पलीकडे जायचं नाही हा नियम तिने सगळ्या शीतयुद्धात पाळला. आणि डिसेंबर 2021 मध्ये बायडन यांनी जाहीरच केलं होतं की युक्रेनमध्ये अमेरिकन सैन्य उतरवण्याचा विचार नाही. पुढे शस्त्रं गेली, पैसा गेला, रशियावर निर्बंध आले, पण सैन्य गेलं नाही. अणुबॉम्ब असलेल्या दोन फौजा समोरासमोर येऊ नयेत ही त्यामागची भीती खोटी नव्हती. पण मग 2008 मध्ये 'तुम्ही सदस्य होणार' असं जाहीर करून तारीख न देणं, हे काय होतं? रशियाला डिवचायला पुरेसं आणि युक्रेनला वाचवायला अपुरं. त्याआधी 1994 मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, तेव्हा रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखण्याची ग्वाही दिली होती. ग्वाही म्हणजे हमी नव्हे. मराठी शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाई असत्या तर दोन शब्दांतला फरक फळ्यावर लिहून दाखवला असता.

रशियाच्या बाजूची संघटनाही काही वेगळी वागली नाही. जुन्या सोव्हिएत देशांपैकी सहांचा लष्करी करार आहे. जानेवारी 2022 मध्ये कझाकस्तानच्या अध्यक्षांनी बोलावलं तर त्यांच्या फौजा दुसऱ्याच दिवशी हजर. सप्टेंबर 2022 मध्ये आर्मेनियाने मदत मागितली तर सैन्य आलं नाही. आणि युक्रेनवर जायला पुतिनला त्यातल्या फक्त बेलारूसने आपली भूमी दिली. 1968 मध्येही रोमानियाच्या चाउसेस्कूने वॉर्सा करारात राहून सैन्य द्यायचं नाकारलं होतं. करार कागदावर असतात, वेळ आली की प्रत्येक जण आपापलं पाहतो.

आपणही पाहिलंच. ऑगस्ट 1968 मध्ये भारत सुरक्षा परिषदेत होता आणि निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहिला. त्यावरून अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. फेब्रुवारी 2022 मध्ये भारत पुन्हा सुरक्षा परिषदेत होता आणि पुन्हा तटस्थ राहिला. दोन्ही वेळा मॉस्कोने नकाराधिकार वापरला. त्या रात्री तळघरात आपली हजारो पोरं होती, हे लक्षात घेतलं की मला तटस्थतेवर पटकन बोलवत नाही. पण चौपन्न वर्षांच्या अंतराने तेच उत्तर पुन्हा लिहिलेलं पाहून वडिलांचा पेपर हातात धरलेला चेहरा आठवला, एवढं मात्र खरं.

त्या मुलीने पुढचं शिक्षण दुसऱ्या देशात पूर्ण केलं. मध्यंतरी भेटायला आली होती. तळघरात त्यांच्याबरोबर एक म्हातारी होती, आपल्या बरणीतलं लोणचं सगळ्यांना वाटायची. "ती रशियनच बोलायची हो आजी," मुलगी म्हणाली, "खारकिव्हमध्ये बरेच जण रशियनच बोलतात." रशियन बोलणाऱ्यांच्या रक्षणासाठी आलो, हेही एक कारण तेव्हा सांगितलं गेलं होतं. मी काही बोलले नाही.

हल्ली पुन्हा असे फोन येतात. कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाची सून आणखी कुठे. "बाई, तिथे काही होईल का हो?" मी आता दहा मिनिटं बोलत नाही. सांगते, बाबा रे, मला माहीत नाही. तिथला नेता स्वतः काय बोलतो आहे ते नीट वाच, आणि तिकीट मिळतंय तोवर लेकराला घरी बोलावून घे. एक वर्ष बुडालं तर बुडू दे.